डब्याच्या पुढच्या बाजूवर जाऊ नका

विकतचं दही कसं निवडावं यावरच्या लेखात फक्त 'लो फॅट दही घ्या' म्हटलंय, ते अर्धवट आहे. फॅट काढलं की चव पडते, आणि फळांच्या स्वादाच्या दह्यात ती साखरेने भरून काढतात. डबा उलटा करून 100 ग्रॅममागचे आकडे वाचा. साध्या दह्यातही 4-5 ग्रॅम साखर दिसेल, ती दुधातलीच, तिला घाबरू नका. 'ॲडेड शुगर' शून्य हवी. स्ट्रॉबेरीवाल्या कपावर 100 ग्रॅममागे एकूण साखर 14 ग्रॅम असेल तर साधारण दोन चमचे साखर वरून घातलेली आहे.

घटकांत दूध किंवा मिल्क सॉलिड्स आणि विरजण, बस्स. 'ग्रीक' (पाणी गाळून घट्ट केलेलं दही) लिहिलंय म्हणून भुलू नका. नीट गाळलेल्यात प्रोटीन 8-10 ग्रॅम असतं; 4च्या आसपास असेल आणि यादीत स्टार्च, जिलेटिन दिसलं, तर तो घट्टपणा उसना. (खरं गाळलेलं म्हणजे आपला चक्काच की!)

विरजण लावल्यानंतर पुन्हा तापवलेल्या दह्यातले जिवाणू बहुतेक मेलेले असतात. शंका असेल तर कोमट दुधात चमचाभर घालून बघा, 8 तासांत लागलं तर जिवंत. वर पाणी सुटलं तर ढवळून खा. झाकण फुगलं असेल तर मात्र घेऊच नका.