अवकाशयान, पुलाखालची जाळी आणि विदर्भ

भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला जून २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर पोहोचले, तेव्हा अमेरिकेतून यवतमाळच्या नातेवाइकांशी फोनवर बोलताना अभिमानापाठोपाठ एक प्रश्न हमखास येई: इकडे शेतकरी जीव देत असताना माणूस अवकाशात धाडण्याची ही हौस कशासाठी? भारतीय यानातून माणूस अवकाशात नेण्याच्या गगनयान कार्यक्रमाचा मंजूर खर्च वाढत वाढत २० हजार १९३ कोटी रुपयांवर गेला आहे. आणि राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात १ लाख ७० हजार ९२४ जणांनी आत्महत्या केल्या, त्यांतले २२ हजार ७४६ महाराष्ट्रातले, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. हे आकडे समोर असताना असा प्रश्न विचारणाऱ्याला गप्प बसवणे मला पटत नाही. मात्र पैसा इकडचा तिकडे वळवला की माणसे वाचतील, हे त्यामागचे गृहीतकही मला पटत नाही.

अमेरिकेत हा वाद जुना आहे. अपोलो ११ च्या उड्डाणाच्या आदल्या दिवशी, १५ जुलै १९६९ रोजी, नागरी हक्क चळवळीचे नेते राल्फ ॲबरनथी गरिबांचा मोर्चा आणि खेचरांच्या गाड्या घेऊन केप केनेडी या उड्डाणतळावर गेले होते. उड्डाणाचे बटण न दाबल्याने देशातली गरिबी मिटणार असेल तर आम्ही ते दाबणार नाही, असे नासाचे प्रमुख थॉमस पेन यांनी त्यांना सांगितले. १९७२ मध्ये अपोलो मोहिमा थांबल्या. गरिबी तेवढ्याने हटली नाही. आजही या श्रीमंत देशात वर्षाला सुमारे ४९ हजार माणसे आत्महत्या करतात, तेव्हा इथल्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे मला काही कारण नाही.

तरीही मी राहतो त्या सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात एक गोष्ट घडली, ती घरच्यांनी ऐकावी असे वाटते. गोल्डन गेट पूल १९३७ मध्ये खुला झाला आणि तेव्हापासून तिथे सुमारे २ हजार माणसांनी जीव दिला. जाळी बसवा, ही मृतांच्या आईवडिलांची मागणी वर्षानुवर्षे रेंगाळली. जाळीने देखावा बिघडेल, खर्च फार होईल आणि ज्याला मरायचेच आहे तो दुसरीकडे जाईल, असे आक्षेप होते. त्यांतला तिसरा आक्षेप संशोधक रिचर्ड सायडन यांनी १९७८ सालीच खोडून काढला होता. १९३७ ते १९७१ या काळात त्या पुलावर अडवल्या गेलेल्या ५१५ जणांचा त्यांनी माग काढला, तेव्हा सुमारे ९४ टक्के लोक एक तर हयात होते किंवा नैसर्गिक कारणाने वारले होते. मरणाची ती ऊर्मी बहुतेकांच्या बाबतीत ओसरते; तेवढा वेळ माणूस सांभाळला जावा लागतो. जाळी अखेर जानेवारी २०२४ मध्ये पूर्ण झाली. पुलाच्या पदपथाखाली सुमारे २० फुटांवर, तितकीच बाहेर आलेली, पोलादी तारांची करडी जाळी आता दोन्ही बाजूंना आहे, आणि धुक्यात ती चटकन दिसतही नाही. तिला सुमारे २२.४ कोटी डॉलर लागले, म्हणजे चांद्रयान-३ च्या ६१५ कोटी रुपयांच्या जवळजवळ तिप्पट. एवढा खर्च झाला आणि मृत्यू खरोखरच घटले.

या जाळीमागचा विचार आपल्या अवकाश शास्त्रज्ञांना नवा नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये चांद्रयान-२ चे विक्रम यान कोसळले, तेव्हा चूक नेमकी कुठे झाली ते शोधले गेले. पुढच्या यानाची रचना यश नव्हे तर अपयश गृहीत धरून केली, असे इस्रोचे तत्कालीन अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी सांगितले: उतरण्याची जागा मोठी धरली, यानाचे पाय मजबूत केले, इंधन जास्त दिले. गगनयानाच्या बाबतीत तर माणूस पाठवण्याआधीच, २१ ऑक्टोबर २०२३ रोजी, अग्निबाण बिघडला तर अंतराळवीरांची कुपी त्यापासून दूर खेचून नेणाऱ्या यंत्रणेची श्रीहरिकोट्यात चाचणी झाली.

विदर्भातल्या शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर काय होते? जिल्हा समिती बसते, कर्जाची थकबाकी आणि वसुलीचा तगादा तपासते आणि प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ ते ठरवते. पात्र ठरले तर एक लाख रुपये, ३० हजार हातात आणि ७० हजार मुदत ठेवीत. ती मदत त्या घराला हवीच आहे, पण पुढचा मृत्यू कसा टळेल हे विचारणे समितीच्या कामात बसत नाही. श्रीलंकेने तो प्रश्न विचारला. तिथे जीव देण्यासाठी प्यायली जाणारी अतिजहाल कीटकनाशके १९९५ नंतर टप्प्याटप्प्याने बंद झाली, आत्महत्यांचा दर पुढच्या दोन दशकांत सुमारे ७० टक्क्यांनी उतरला आणि शेतीचे उत्पन्नही घटले नाही. त्यासाठी अवकाश कार्यक्रमाचा एक रुपयाही लागला नाही.

म्हणून घरच्यांना माझे सांगणे असे की गगनयान बंद करा म्हणण्यापेक्षा गगनयानाला लावता तीच शिस्त विदर्भातही लावा, असा आग्रह धरा. पात्र-अपात्रतेच्या जोडीला प्रत्येक मृत्यूची दुसरी चौकशी व्हावी. शेवटच्या आठवड्यात तो माणूस बँकेत, कृषी सेवा केंद्रात, आरोग्य केंद्रात कोणाला भेटला, आणि त्यांपैकी कोणाला त्याला थांबवता आले असते, हे तिने शोधावे. तिचे निष्कर्ष नावे वगळून जाहीर व्हावेत आणि पुढच्या हंगामाआधी त्यांवर काय केले, ते जिल्हाधिकाऱ्यांनी सांगावे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा चोवीस तास चालणारा मोफत क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे आणि त्यावर मराठीत बोलता येते. तो कृषी सेवा केंद्राच्या प्रत्येक पावतीवर छापायला तर कोणाच्या मंजुरीची वाट पाहण्याचीही गरज नाही.