मढ्याचा डीपीएस

काल रात्री एका प्रेतानं मला बाण मारायला शिकवलं. प्रेत बोलकं होतं. तापलेल्या फरशीवर हातपाय फेकून पडलेलं, जांभळा झगा अस्ताव्यस्त, आणि हेडसेटमधून मला समजावत होतं, "काका, रागावू नका हां, पण तुमचे हात फार वेळ रिकामे असतात."

मी त्या वेळी जिवंत होतो. हे आधीच नोंदवून ठेवतो, कारण नंतरच्या तक्त्यात ते कुठेच दिसलं नाही.

थोडक्यात सांगायचं तर मी वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन खेळात हंटर, म्हणजे बाण मारणारा शिकारी, खेळतो. हा खेळ २००४ सालचा. माझा उत्साहही साधारण त्याच सालचा, फरक इतकाच की खेळाची दर दोनेक वर्षांनी नवी आवृत्ती निघते. वीस जणांची रेड, म्हणजे राक्षसावर एकत्र चढाई करणारी तुकडी, असते. टँक पुढे उभे राहून मार खातात, हीलर त्यांना जगवतात, आणि उरलेले आम्ही राक्षसाला बडवतो. मी लांबून बडवतो. गिल्डमध्ये, म्हणजे खेळातल्या आमच्या मंडळात, सगळे मला काका म्हणतात. एकदा माइक चालू असताना खोकलो होतो, तेवढ्यावर.

तर हे प्रेत म्हणजे आमचा मेज, मंत्र मारणारा जादूगार. वय असेल विशीच्या आतबाहेर. लढाई सुरू झाल्यावर बेचाळिसाव्या सेकंदाला तो मेला. बेचाळीस हा आकडा लक्षात ठेवा. सुरुवातीलाच शमननं ब्लडलस्ट लावलं होतं. त्यात सगळ्या रेडचा वेग चाळीस सेकंद तीस टक्क्यांनी वाढतो. पोरानं त्याच चाळीस सेकंदांत पोशन, ट्रिंकेट नावाचा तावीज, मोठे मंत्र, होतं नव्हतं ते सगळं ओतलं आणि पुढच्या दोन सेकंदांत पायाखालच्या आगीकडे दुर्लक्ष करून शांतपणे आडवा झाला.

"बॅटल रेझ देऊ का?" एका हीलरनं विचारलं. म्हणजे मेलेल्याला लढाई चालू असतानाच उठवायचा मंत्र.

"नको, टँकसाठी ठेवा," रेड लीडर म्हणाला.

"माझ्यावर वाया नका घालवू," प्रेत समजूतदारपणे म्हणालं. "मी इथून बघतो."

आणि त्यानं खरंच बघितलं. मेलेल्या माणसाला कॅमेरा फिरवायला भरपूर वेळ असतो, हे मी या खेळात वीस वर्षं घालवूनही कधी ध्यानात घेतलं नव्हतं. त्यानं मला टार्गेट केलं. टार्गेट केलं की समोरच्याचा कास्ट बार दिसतो, त्याचा फोकस, म्हणजे बाणांवर खर्च होणारी ताकद, किती भरलाय तेही दिसतं. म्हणजे मी कुठला बाण ओढतोय, कुठला अर्धवट सोडतोय, किती वेळ नुसता उभा आहे, सगळं त्याच्या डोळ्यांसमोर. तपासनीस मागे उभा असला की एरवी येणारी गणितं चुकतात, तसं माझं व्हायला लागलं.

"काका, एम्ड शॉट."

"मारतोय."

"नाही, तुम्ही चालताय."

चालत होतो, कारण माझ्याही पायाखाली आग लागली होती. एम्ड शॉटला पाय रोवून उभं राहावं लागतं, हललात की तो तुटतो. आता उभं राहून भाजायचं की चालून बाण घालवायचा, हा लांबून मारणाऱ्यांचा सनातन प्रश्न.

"त्या वर्तुळातून बाहेर पडायला एक पाऊल पुरलं असतं," प्रेत म्हणालं. "तुम्ही सात टाकलीत."

"मोजलीस?"

"मला काय काम आहे दुसरं?"

यावर काय बोलणार! पुन्हा मिनिटभरानं, "काका, फोकस शंभर झालाय. भरलेल्या घागरीत ओतताय." मग, "चालताना आर्केन मारा ना, त्याला कुठे थांबायला लागतं." मग, "ट्रिंकेट ट्रूशॉटबरोबर दाबा, एकटं नका दाबू." (ट्रूशॉट म्हणजे थोडा वेळ मारा वाढवणारी हंटरची कळ.) मग माझी ती सुप्रसिद्ध उडी. हंटरला डिसएंगेज नावाची एक उडी असते, ती पाठीच्या दिशेनं जाते. पाठीमागे काय आहे हे पाठीला कळत नाही. मी आगीतून सुटायला ती मारली आणि चौथऱ्याच्या अगदी कडेवर, टाचा हवेत अशा बेतानं टेकलो. चॅनेलवर दोन सेकंद शांतता. मग खालून आवाज आला, "काका, इकडे माझ्याशेजारी जागा आहे, पण अजून घाई नाही."

वीस जण हसले. म्हणजे एकोणीस.

एक गोष्ट कबूल करायला पाहिजे. हंटर या जमातीविषयी लोकांच्या मनात जी अढी आहे ती काही हवेतून आलेली नाही. आमच्याबरोबर जनावर असतं. माझ्याबरोबर अस्वल आहे. त्याची ग्रोल नावाची गुरगुर बंद करायला विसरलं की ते टँकसमोरचा राक्षस स्वतःवर ओढून घेतं, आणि राक्षस गर्रकन फिरून सगळ्या रेडवर आग ओकतो. हे माझ्याकडून झालंय. किती वेळा ते विचारू नका.

पण याहून मोठा पराक्रम आमच्या नावावर सप्टेंबर २००५ मध्येच लागला. झुल'गुरुब नावाच्या रेडमध्ये हक्कार नावाचा बॉस होता. तो खेळाडूंना करप्टेड ब्लड नावाचा रोग लावायचा. जवळ उभ्या असलेल्या माणसाला तो लगेच लागे, पण खेळ रचणाऱ्यांच्या हिशोबानं तो त्या एका दालनातच राहायचा होता. हंटरनी काय केलं? आजारी जनावर मिटवून ठेवलं आणि शहरात जाऊन परत बोलावलं. जनावर आलं, रोगासकट. भर चौकात नवशिक्या खेळाडूंचे सडे पडले, दुकानदार पात्रांना रोग लागायचा पण ती मरायची नाहीत, त्यामुळे ती गिऱ्हाइकाला मालाबरोबर रोगही द्यायची. पुढे खऱ्या साथरोगांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांनी यावर शोधनिबंध लिहिले. एवढा इतिहास पाठीशी असताना मला एखाद्या अस्वलाच्या गुरगुरण्यावरून कुणी बोलू नये असं माझं नम्र मत आहे.

असो. सातव्या मिनिटाला, राक्षसाचे तीन टक्के उरले असताना आम्ही सगळे मेलो. आणि मग ती गोष्ट घडली जी अजून माझ्या घशात अडकलीय. रेड लीडरनं चॅटमध्ये डीपीएसचा, म्हणजे दर सेकंदाला कुणी किती नुकसान केलं याचा, तक्ता टाकला.

पहिल्या नंबरावर प्रेत.

मी बाराव्या.

"बघा," लीडर म्हणाला, "हा बेचाळीस सेकंदांत मेला तरी वर आहे. बाकीच्यांनी जरा शिका."

आता मला आकडेमोड येते. आकडे दाखवणाऱ्या ॲडऑनमध्ये डीपीएस काढायच्या दोन पद्धती असतात. एकीत केलेलं नुकसान पूर्ण लढाईच्या वेळानं भागतात. दुसरीत माणूस जेवढा वेळ हात चालवत होता तेवढ्याच वेळानं. आमच्या लीडरनं दुसरी लावून ठेवलेली. म्हणजे प्रेताचे ब्लडलस्टमधले चाळीस सोनेरी सेकंद भागिले बेचाळीस, आणि माझी सात मिनिटांची रड भागिले चारशे वीस. त्याचा आकडा माझ्या दीडपट, वेळ माझ्या एक दशांश. म्हणजे राक्षसाचं जेवढं मांस मी तोडलं त्याच्या पंधरा टक्के त्यानं तोडलं. उरलेली सव्वासहा मिनिटं तो जमिनीवर पडून माझी पावलं मोजत होता.

हे मी माइकवर सांगितलं. जरा चढ्या आवाजात सांगितलं असेल.

"हो, ते बरोबर आहे काका," प्रेत लगेच म्हणालं. हे त्याचं मला सगळ्यात जास्त झोंबतं, तो भांडत नाही. "मी मेलो ती माझीच चूक. पण एक सांगू? तुमच्या दोन बाणांमध्ये साधारण पाव सेकंद जातो. दीड सेकंदाचा ग्लोबल कूलडाउन धरला तर सात मिनिटांत दोनशे चाळीस बाण होतात. दोनशे चाळीस पाव सेकंद म्हणजे अख्खं एक मिनिट. मी सलग मेलो, तुम्ही हप्त्याहप्त्यानं मरता."

ग्लोबल कूलडाउन म्हणजे एक कळ दाबल्यावर पुढची चालेपर्यंतचा सक्तीचा थांबा. मी गणित पुन्हा केलं. कागदावर केलं. बरोबर होतं.

लांबून मारणाऱ्यांना पहिल्या दिवशी एक मंत्र देतात, 'ऑल्वेज बी कास्टिंग', एबीसी. हात कधी रिकामा ठेवायचा नाही. ऐकायला बालवाडीतलं वाटतं. पण आधीचा बाण सुटायच्या आत पुढची कळ दाबून ठेवायची, म्हणजे खेळ ती रांगेत घेतो आणि पाव सेकंद वाचतो, हे मी इतकी वर्षं करत नव्हतो. मी प्रत्येक बाण सुटलेला डोळ्यांनी पाहायचो, समाधान मानायचो आणि मग पुढच्याला हात घालायचो. शिवाय निम्मे बाण मी अजून माउसनं बटणावर क्लिक करून मारतो. हे त्याला कळलं तेव्हा चॅनेलवर जी शांतता पसरली ती उडीच्या वेळच्या शांततेपेक्षा लांब होती.

आमच्या काळी हे असं नव्हतं, हे म्हणायची मला फार इच्छा आहे आणि थोडंफार खरंही आहे. पूर्वी 'हिट' नावाचा गुण असायचा. २००८ च्या आवृत्तीत रेडच्या बॉसवर बाण चुकू नयेत म्हणून हंटरला आठ टक्के हिट जमवावं लागे. ते जमवण्यात महिने जात. एखादी पादत्राणं कुरूप असली तरी हिटसाठी घालायची. कमी आकडा आला की म्हणता यायचं, "बाण चुकले हो." २०१४ मध्ये तो गुणच काढून टाकला. आता बाण चुकत नाहीत. चुकतो तो फक्त माणूस, आणि त्याला कुठल्याही पादत्राणाचा आधार नाही.

वर लॉग असतात. दर लढाईची बारीकसारीक नोंद साइटवर चढते आणि जगातल्या आपल्यासारख्याच हंटरांशी तुलना होऊन आपल्याला एक रंग मिळतो. शंभरातल्या पंचविसाच्या खाली राखाडी, मग हिरवा, निळा, जांभळा, पंच्याण्णवपासून नारिंगी. मी चांगल्या दिवशी हिरवा असतो. काल राखाडी होतो. राखाडी रंग मला दाढीत चालतो, लॉगमध्ये नाही.

पण त्या रंगाला हे कोण सांगणार की कडेला उगवणारी पिल्लं मारायला कुणाला पाठवतात? काकांना. लांबच्या कोपऱ्यातल्या वर्तुळात जाऊन उभं राहायला कोण? काका. "तुम्ही रेंज्ड आहात ना, जरा जाऊन या." जवळून मारणारे राक्षसाच्या घोट्याला गोचिडासारखे चिकटलेले, त्यांना हलवायचं नाही, त्यांचा आकडा पडतो. आमचा पडला तर चालतो. सुरुवातीला मिसडायरेक्शन लावून राक्षसाचा राग टँकवर कोण वळवतो? बाकीचे तेरा जण त्या जिवावर निर्धास्त बडवतात, आणि त्याचा रकाना कुठल्याच तक्त्यात नाही. काल मी तीन वेळा पिल्लं मारायला गेलो आणि पाच वेळा वर्तुळात उभा राहिलो. पाचही वेळा वर्तुळ फुटलं नाही, म्हणून कुणी मेलं नाही. न मेलेल्यांचा तक्ता कोण टाकतं? मी मागितला तर "काका, चिडू नका" म्हणाले. मी चिडलो नव्हतो. मी फक्त मोठ्यानं बोलत होतो.

पाच मिनिटांची सुट्टी झाली. त्या पाच मिनिटांत मी चार कळा नव्यानं बांधल्या, क्लिक करायची बटणं पडद्यावरून लपवली, म्हणजे मोह नको, आणि डमीसमोर, म्हणजे सरावाच्या पुतळ्यासमोर, उभं राहून पुढची कळ आधी दाबायचा सराव केला. बोटं ऐकत नव्हती. अस्वल माझ्याकडे बघत होतं.

पुढच्या लढाईत प्रेत अडतिसाव्या सेकंदाला मेलं. या वेळी त्यानं काही सांगितलं नाही, किंवा सांगितलं असेल तर मला ऐकू आलं नाही, कारण मी कामात होतो. आग आली, एक पाऊल टाकलं. फोकस नव्वदला पोचायच्या आत उडवला. पिल्लं मारायला गेलो तेव्हाही वाटेत आर्केन सोडत गेलो. कडेवर एकदाही गेलो नाही. राक्षस पडला तेव्हा मी माझ्यापुरता तक्ता उघडून पाहिला. पूर्ण लढाईच्या वेळानं भागलेला, प्रामाणिक तक्ता. मी चौथा होतो. चौथा! वीस वर्षांत चौथा!

मी वाट बघत राहिलो. लीडर आता तक्ता टाकेल, मग टाकेल. पण राक्षस पडला होता, सगळे ओरडत होते, फोटो काढत होते, कुणालाच आकडे नको होते. "आता तक्ता टाकायचा का?" असं मी सहज विचारलं. "सोडा हो काका, जिंकलो ना," लीडर म्हणाला.

मग लूट. एक अंगठी पडली, कुठल्याही वर्गाला चालणारी, आणि तिच्यावर नेमके मला हवे ते दोन गुण. गेले दोन महिने सिम्युलेशनमध्ये मी ती अंगठी बोटात घालून बघतोय. नीडवर, म्हणजे 'मला हवी'वर, कळ दाबली. मग प्रत्येकाला शंभरापर्यंतचा एक आकडा येतो, ज्याचा मोठा त्याची वस्तू. एकसष्ट आले. एकसष्ट वाईट नाही. एकेक जण बत्तीस, चाळीस, अकरा करत मागे पडला. शेवटचा आकडा जमिनीवरून आला. सत्त्याण्णव.

"सॉरी हां काका," प्रेत म्हणालं. "अरे, जरा कुणीतरी मला उठवा, अंगठी घालायचीय."

चारही हीलर एकदम धावले.