राजा एक, सनदा अनेक : दोन आक्षेपांना उत्तर

सामाईक राजा मानणाऱ्या राज्यांच्या संघासाठी मी सुचवलेल्या सदस्यत्वाच्या नियमांवर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. वारसाहक्काचा कायदा बदलण्यासाठी सर्व सदस्यांची संमती आवश्यक ठरवली, तर सर्वांत लहान राज्याच्या हाती नकाराधिकार जातो, हा पहिला; आणि बाहेर पडण्याची वाट सनदेत लिहून ठेवणे म्हणजे फुटीला निमंत्रण देणे, हा दुसरा. राजा एकच असला की संघ आपोआप टिकतो, असेही आपण जाता जाता म्हटले आहे. सुरुवात तिथूनच करतो, कारण माझा खरा मतभेद त्या वाक्याशी आहे.

वारसाहक्काचे कायदे जुळतात तोवरच राजा एक असतो. १७१४ पासून ब्रिटन आणि हॅनोव्हर यांचा राजा एकच होता. १८३७ मध्ये चौथा विल्यम वारला, तेव्हा ब्रिटनच्या गादीवर व्हिक्टोरिया आली. हॅनोव्हरमध्ये मात्र घराण्यात पुरुष वारस असताना स्त्रीला गादी मिळत नसल्यामुळे तिथे तिचे काका अर्नेस्ट ऑगस्टस राजे झाले. सव्वाशे वर्षांचा संबंध कुणीही न भांडता एका मृत्यूने संपला. १८९० मध्ये नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग याच कारणाने वेगळे झाले.

संमतीची अट असूनही घोळ होऊ शकतो, हे १९३६ ने दाखवले. वारसाहक्कातला बदल ब्रिटन आणि त्याचाच राजा मानणारी अधिराज्ये (स्वतःचा कारभार स्वतः पाहणारे देश) यांच्या सर्व संसदांच्या संमतीने व्हावा, असे १९३१ च्या वेस्टमिन्स्टर कायद्याच्या प्रस्तावनेत म्हटले होते. या सर्वांचा राजा आठवा एडवर्ड याने १९३६ मध्ये १० डिसेंबरला राजत्यागाच्या पत्रावर सही केली. ब्रिटनमध्ये तो ११ डिसेंबरला अमलात आला, आयर्लंडने १२ डिसेंबरला कायदा केला आणि दक्षिण आफ्रिकेने पुढच्या वर्षी कायदा करून १० हीच तारीख धरली. कायद्याच्या नजरेने पाहिले, तर ११ डिसेंबरला लंडनचा राजा सहावा जॉर्ज होता आणि डब्लिनचा अजून एडवर्डच. म्हणून नुसती संमती पुरत नाही, अंमलाचा दिवसही सर्वत्र एकच हवा. माझ्या मूळ मसुद्यात हे राहून गेले होते.

नकाराधिकाराची आपली भीती मला खरी वाटते. वारसाहक्कातला मुलगा-मुलगी भेद काढून टाकण्याचे २०११ च्या ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थ येथे ब्रिटनसह त्याचीच राणी मानणाऱ्या सोळा राज्यांनी मान्य केले, पण तो बदल २६ मार्च २०१५ रोजी अमलात आला. ऑस्ट्रेलियात तर प्रत्येक घटक राज्याच्या विधिमंडळाला कायदा करावा लागला. तिथे सर्वांची इच्छा होती. एकाची नसती, तर? माझ्या मते यावरचा उपाय आपल्या दुसऱ्या आक्षेपातच दडलेला आहे. बाहेर पडण्याची वाट नसेल, तर नकार देणारे राज्य इतरांना अडवून धरते किंवा इतर त्याला फरफटत नेतात. वाट असेल, तर त्याला बदल स्वीकारणे किंवा सन्मानाने निघणे यांतून निवड करता येते.

वाट न लिहिल्याने फूट टळत नाही. स्वीडन आणि नॉर्वे यांच्या संघात ती नव्हती. परराष्ट्रांत स्वतःचे वाणिज्यदूत असावेत, या मागणीवरून १९०५ मध्ये नॉर्वेचे मंत्रिमंडळ पायउतार झाले, दोन्ही देशांचा राजा दुसरा ऑस्कर याला नवे बनवता येईना, आणि राजा आपले काम करू शकत नाही म्हणून संघ संपला, असा ठराव नॉर्वेच्या संसदेने ७ जूनला केला. वाटाघाटींच्या काळात दोन्ही बाजूंचे सैन्य सज्ज होते. ऑगस्टमधल्या सार्वमतात विभक्त होण्याच्या बाजूने ३,६८,२०८ मते पडली आणि विरोधात १८४. इतके एकमत असलेल्या देशालाही तोडगा म्हणून सीमेवरचे किल्ले पाडावे लागले. याउलट ब्रिटनचीच राणी मानणाऱ्या बार्बाडोसने २०२१ मध्ये स्वतःच्या संसदेत घटनादुरुस्ती केली, ३० नोव्हेंबरला प्रजासत्ताक झाला आणि राष्ट्रकुलातही राहिला.

सदस्यांनी आपसात युद्ध न करण्याची अट आपल्याला अनावश्यक वाटते. १९४७ मध्ये काश्मीरमध्ये लढणाऱ्या भारत आणि पाकिस्तान या दोन्ही अधिराज्यांचा राजा सहावा जॉर्जच होता. ती अट मी काढणार नाही.

आपल्या आक्षेपामुळे कलम असे बदलतो : सर्वसंमती फक्त राजा कोण हे ठरवणाऱ्या नियमांपुरती, उरलेले सारे बहुमताने, प्रस्तावावर पाच वर्षांत संमती न देणाऱ्या सदस्याने स्वतःच्या संसदेत राहायचे की निघायचे ते ठरवावे, आणि तो निर्णय होईपर्यंत जुना वारसाक्रम सर्वत्र चालू राहावा.