एका घरातले दोघे, चोवीस वर्षांनी

बेळगावच्या टिळकवाडीत आरपीडी क्रॉसजवळच्या आमच्या कट्ट्यावर परवा वाद पेटला, तो ट्रेसी थॉर्न आणि बेन वॉट या इंग्रज गायक-वादक जोडीवरून. १९८२ मध्ये हल शहरात ‘एव्हरीथिंग बट द गर्ल’ या नावाने सुरुवात केलेले हे दोघे १९९९ च्या अल्बमनंतर थांबले आणि २०२३ मध्ये ‘फ्यूज’ हा नवा अल्बम घेऊन परतले.

मंडपात साऊंड लावणाऱ्या आमच्या मित्राने पहिलाच घाव घातला. “ते नवरा-बायको आहेत, एकाच घरात राहतात. रोज एका ताटाशी बसणाऱ्यांचे पुनर्मीलन कसले?”

पेटी वाजवणारे मास्तर बराच वेळ गप्प होते. “मी आणि माझा थोरला भाऊ एकाच घरात राहतो,” ते म्हणाले, “पण पेटी-तबला घेऊन एकत्र बसून आम्हाला अकरा वर्षे झाली. जेवताना बोलणे होते, सुरात होत नाही.”

यावर मित्राला उत्तर सुचले नाही, म्हणून त्याने मुद्दा बदलला: अल्बम काढून दौरा न करणे म्हणजे साखरपुडा करून लग्न लांबवणे. दोघे श्रोत्यांसमोर एकत्र उभे राहिले ते थेट २०२५ मध्ये, लंडनच्या एका लहानशा क्लबात, हे त्याला मुळीच पटत नव्हते.

मला मात्र त्यांचा क्रमच बरोबर वाटतो. सायमन आणि गारफंकल ही फुटलेली अमेरिकन गायकजोडी आधी मंचावर गेली. १९ सप्टेंबर १९८१ रोजी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये सुमारे पाच लाख लोक जमले, पण त्यानंतर दोघांनी मिळून करायला घेतलेल्या अल्बममधून गारफंकलचा आवाज पुसला गेला आणि १९८३ मध्ये तो एकट्या सायमनच्या नावावर निघाला. जुन्या गाण्यांवर टाळ्या मिळतात. नवे गाणे बांधताना मात्र एकमेकांचे ऐकून घ्यावेच लागते. थॉर्न-वॉट यांनी तर सुरुवातीला नव्या गाण्यांच्या फायलींवर जोडीचे नावही घातले नाही, दोघांच्या नावांची अक्षरे जोडून नुसते ‘ट्रेन’ लिहिले, म्हणजे जमले नाही तर गाजावाजा न होता सोडून देता यावे.

मित्राचा शेवटचा आक्षेप थॉर्नच्या आवाजावर होता, कारण तो आता पूर्वीपेक्षा खाली उतरला आहे. “आपल्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व क्षयातून उठले, तेव्हा एक फुप्फुस जवळपास निकामी झाले होते,” मास्तर म्हणाले. “त्या आखूड दमातूनच त्यांनी गाण्याची नवी मांडणी केली. उतरलेला आवाज घेऊन काय करतात, ते ऐक की.”

“मग चतुर्दशीला तुम्ही दोघे भाऊ बसा, माईक मी लावतो.”

“माईक राहू दे,” मास्तर उठत म्हणाले. “आधी माडीवरचा तबला खाली आणतो.”