दिवाळं काढायची तयारी आहे का?

परवा आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'फ्लाइंग स्कॉट्समन'चा व्हिडिओ आला. हिरवंगार इंजिन, धुराचा लोट, रुळांच्या कडेला हात हलवणारी पोरंबाळं. खाली आमच्या थोरल्या चुलतभावाने लिहिलं होतं: "तुमच्या इंग्लंडात शंभर वर्षांचं इंजिन असं जपतात. आपण बार्शी लाइट भंगारात घातली. लाज वाटायला पाहिजे." बार्शी लाइट म्हणजे आमच्या बार्शीची जुनी अडीच फुटी रुळांवरची छोटी रेल्वे. त्यावर पुतण्या उसळला, इंग्रजांची खेळणी आपण कशाला सांभाळायची म्हणून. मग दोन दिवस ग्रुपवर तेच गुऱ्हाळ.

पुतण्याचं सोडा, तो सगळ्यावरच उसळतो. डोकं फिरलं ते दादामुळे. 'गोऱ्यांकडून शिका' हे पालुपद मी बार्शीत शाळेत असल्यापासून ऐकतोय. ज्यांच्याकडून शिकायचं, त्यांच्यातच आता राहतो, त्यामुळे दोन शब्द बोलायचा हक्क मला आहे असं मी समजतो.

कुठल्या इंग्लंडने जपलं हो ते इंजिन? १९२३ साली डॉनकॅस्टरच्या कारखान्यातून बाहेर पडलं. नायजेल ग्रेस्लीचं डिझाइन. १९२८ पासून लंडन-एडिंबरा ३९२ मैल कुठेही न थांबता जाणारी गाडी त्याने ओढली. इंजिनामागच्या टेंडरमधून, म्हणजे कोळसा-पाण्याच्या डब्यातून, एक चिंचोळी बोळ काढली होती, माणूस अंग चोरून जाईल एवढीच. वाटेत दमलेले ड्रायव्हर-फायरमन तिच्यातून डब्यात जायचे आणि ताजी जोडी इंजिनावर यायची. १९३४ साली ताशी १०० मैलांचा वेग गाठला. एवढा लौकिक, पण १९६३ च्या जानेवारीत सरकारी रेल्वेने त्याला सेवेतून काढलं, तेव्हा जपायच्या इंजिनांच्या सरकारी यादीत त्याचं नाव नव्हतं. भंगारातच जायचं होतं. त्याच्या जातीची सत्तरहून अधिक इंजिनं होती, बाकी सगळी गेली.

वाचवलं ॲलन पेग्लर नावाच्या एका धनिकाने, ३,००० पौंड मोजून. १९६९ मध्ये तो ते अमेरिकेला घेऊन गेला, ब्रिटिश मालाची जाहिरात करत. दौरा अंगाशी आला, कर्ज चढलं, १९७२ मध्ये माणसाचं दिवाळं वाजलं. परतीच्या बोटीवर प्रवाशांना व्याख्यानं देत देत स्वारी मायदेशी आली म्हणतात. इंजिन कॅलिफोर्नियातच अडकलेलं. पुढच्या वर्षी विल्यम मॅकअल्पाइन या उद्योजकाने ते सोडवून आणलं. यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाने ते घेतलं २००४ साली, म्हणजे निवृत्तीनंतर एकेचाळीस वर्षांनी, २३ लाख पौंडांना. मग दहा वर्षं दुरुस्ती, खर्च ४२ लाख पौंड. तेव्हा कुठे दादाच्या मोबाइलवर ते धूर सोडत आलं.

आणि जे जपलं नाही त्याचा व्हिडिओ कोण पाठवणार? आमची लाइट उभी करणारा एव्हरार्ड कॅलथ्रोप. अडीच फुटी रुळांवरही भरघोस माल नेता येतो, हे त्याने १८९७ साली बार्शीत दाखवलं. तोच अनुभव गाठीशी घेऊन त्याने १९०४ मध्ये स्टॅफर्डशरच्या मॅनिफोल्ड खोऱ्यात तशीच रेल्वे काढून दिली. दोनच इंजिनं, त्यातल्या एकाला त्याचंच नाव. १९३४ साली ती रेल्वे बंद पडली आणि दोन्ही इंजिनं मोडीत निघाली. रुळांच्या जागी आता लोक सायकली फिरवतात. लाज वगैरे कोणाला वाटल्याचं दिसत नाही. उलट फ्लास्कमधला चहा पीत बसलेले असतात.

दादाला आणखी एक आठवण करून द्यायची आहे. २०१६ च्या फेब्रुवारीत स्कॉट्समन लंडनच्या किंग्ज क्रॉसहून यॉर्कला निघाला, तेव्हा लोक फोटोसाठी रुळांवर उतरले आणि गाडी थांबवावी लागली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी गेली. पहिल्या खेपेला दहा टँकर, पाच लाख लिटर. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर: बहुतेक मार्ग जुन्या लाइटचा, फक्त रूळ ब्रॉडगेजचे. अडीच फुटी रुळांवर ते वजन पेललं असतं का? ज्यांनी ब्रॉडगेजसाठी वर्षानुवर्षं अर्ज-निवेदनं दिली, त्यांना वारसा कळत नव्हता असं लीड्समध्ये बसून मी तरी म्हणणार नाही. शिवाय आपण काहीच जपत नाही हेही खोटं. १८५५ चं वाफेचं इंजिन 'फेअरी क्वीन' अजून आपल्याकडेच आहे.

ती बनली लीड्समध्येच, किटसनच्या कारखान्यात. लाइटची पहिली इंजिनंही किटसनचीच. हा कारखाना हन्सलेटमध्ये होता, माझ्या घरापासून बसने वीस मिनिटं. त्याच हन्सलेटमध्ये मिडलटन रेल्वे आहे, १९६० पासून हौशी लोक चालवतात. शनिवारी मी तिथे जातो. गाडी चालवायला नव्हे, राख काढायला. वाकून जाळीतले खंगर फोडायचे, राख ओढायची, मग लाकडं आणि तेलात बुडवलेल्या चिंध्यांवर विस्तव धरायचा. घाई चालत नाही, बॉयलर एकदम तापला की सांधे ताणतात. दुपारपर्यंत नाकात काजळी. बायको म्हणते, कपडे बाहेरच काढा.

इतकी वर्षं इथे कौन्सिल टॅक्स भरतोय, पासपोर्टही बदलला. तरी कोणी 'मूळचे कुठले' विचारलं की मी आखडतो. शेडमध्येही पहिल्या दिवशी एका म्हाताऱ्याने विचारलं. मी म्हटलं, आमच्या गावची इंजिनं तुमच्या इथे मागच्या गल्लीत बनली. त्याने फावडं खाली ठेवलं आणि अर्धा तास किटसनबद्दल बोलत राहिला. तेवढ्यावर मला या गावात पाय टेकायला जागा मिळाल्यासारखं वाटलं. आणि दादा लिहितो 'तुमचं इंग्लंड'. झोंबलं ते तेवढंच असावं, बाकी इंजिनाचं निमित्त.

कारण खरं बघितलं तर, लाइटच्या टपावर बसून आषाढीला पंढरपूरला गेलेली माणसं आज आरामात ब्रॉडगेजने जातात आणि त्यांची काही तक्रार नाही. लाइट हवी आहे ती आम्हाला, गाव सोडून गेलेल्यांना. आम्ही उतरलो की झुकझुक हजर पाहिजे, दोन आठवडे.

ग्रुपवर मी शेवटी लिहिलं: कुर्डुवाडीला लाइटच्या इंजिनासाठी नीट छप्पर आणि दोन पगारी माणसं ठेवायची असतील, तर वर्गणी काढू, पहिले लाखभर रुपये माझे. पेग्लरसारखं दिवाळं काढायला मात्र मी तयार नाही, दादा, तुम्ही आहात का? पुतण्याने अंगठा दाखवला. दादाने सुप्रभातचा फोटो टाकला, गुलाबाचा.