सात दिवसांचा कोर्स कशासाठी?

नाकाच्या कॉस्मेटिक शस्त्रक्रियेनंतर सात दिवस अँटिबायोटिक घेतलेलं बरं, हे एका लेखातलं म्हणणं पटलं नाही. चेहऱ्याला रक्तपुरवठा भरपूर, त्यामुळे जंतुसंसर्ग मुळातच कमी. चीर देण्याआधी तासाभरात शिरेतून दिलेला सेफाझोलिनसारख्या अँटिबायोटिकचा एक डोस बहुतेकदा पुरतो. ऑपरेशन संपल्यावर प्रतिबंधक अँटिबायोटिक लांबवू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्येच सांगितलंय. माझ्या वहिनीच्या पापण्यांचं ऑपरेशन झालं, तेव्हा जखम अगदी स्वच्छ होती, टाके कोरडे. पण नंतर दिलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्यांनी जुलाब लागून ती पार बेजार झाली. कूर्चेचा ग्राफ्ट (मऊ हाडाचा तुकडा बसवणं) किंवा दुसऱ्यांदा केलेलं ऑपरेशन असेल तर सर्जन वेगळं ठरवतील, ते मान्य. मात्र लाली वाढली, पू किंवा ताप आला, तर घरात उरलेल्या गोळ्या घेऊ नका, थेट सर्जनना दाखवा.