कट्टा: बीट कोणी केला?

चहा यायच्या आधीच सुन्यानं ग्रुपवरचा वाद उकरून काढला. "एरिक बी आणि रकीम ह्या अमेरिकन रॅप जोडीचा, म्हणजे डीजे एरिक आणि रॅपर रकीमचा, पहिला अल्बम 'पेड इन फुल' त्यांचा नाहीच. बीट, म्हणजे रॅपखालचं संगीत, प्रोड्युसर मार्ली मार्लचं आहे. विषय संपला." सुन्याचा विषय नेहमी पहिल्याच वाक्यात संपतो आणि मग तासभर चालतो.

"संपला कसा?" अनघा म्हणाली. "१९८६ चं सिंगल मार्लीच्या न्यूयॉर्कमधल्या क्वीन्सब्रिजच्या घरात झालं, दोन्ही बाजू. मान्य. तिथे त्याचं नाव ठळक हवं, तेही मान्य. पण अल्बम १९८७ चा, बाकीची गाणी पॉवर प्ले स्टुडिओतली. तिथे काय मार्ली कुणाच्या अंगात आला होता?"

"पण सॅम्पलर कोणाचा? जुन्या रेकॉर्डींतले तुकडे उचलून वाजवायचं ते मशीन कोणाचं?"

"मिक्सर शेजारणीचा म्हणून चटणी शेजारणीची होत नाही, सुन्या."

सुन्यानं गळ्यातले हेडफोन सारखे केले. प्लग खिशात लोंबत होता, पण हेडफोन घातल्याशिवाय त्याला मत सुचत नाही. "एरिकनं केलं काय? रेकॉर्डी आणल्या. आणि दहातली तीन गाणी रॅपशिवायची, नुसती बीट आणि रेकॉर्ड मागेपुढे घासायचं स्क्रॅचिंग. भरती आहे भरती!"

"जोडीत डीजेचं नाव आधी आहे, त्यानं हात दाखवायचा नाही? आणि फॉन्डा रे ह्या गायिकेच्या नाचाच्या गाण्यातली बेसलाइन रॅपखाली घालायची, हे सुचावं लागतं," बंड्या म्हणाला.

अनघानं फोन कट्ट्यावर उलटा ठेवून अल्बमच्याच नावाचं गाणं, 'पेड इन फुल', लावलं. "ऐका. ड्रम सोल सर्चर्स ह्या बँडचे, १९७४ चे. बेस गायक डेनिस एडवर्ड्सच्या गाण्यातला, १९८४ चा. दोन्ही उसने. आता मध्ये काय आहे?"

"काहीच नाही," मी म्हणालो.

"तेच तर! जागा सोडलीय. रकीम सॅक्सोफोन वाजवणारा, जॅझवाल्या जॉन कोल्ट्रेनचा भक्त. त्याचं वाक्य ओळ संपली म्हणून थांबत नाही, पुढच्या ओळीत शिरतं आणि यमक मधेच कुठेतरी पडतं. इथे एक सिंथ जास्तीचा टाकला असता तर ते ऐकूच आलं नसतं. काय टाकायचं नाही हे ज्यांना कळलं, प्रोड्युसर ते."

मला तर हे शंभर टक्के पटलं. आजूबाजूचे रॅपर घसा फोडत असताना हा एकोणीस वर्षांचा पोरगा आवाज चढवत नाही आणि तरी ऐकणाऱ्याला हलू देत नाही. ती बीटची करामत आहेच, पण बीटनं गप्प बसण्याची जास्त. आणि ह्या 'पेड इन फुल' गाण्यात तो एकच कडवं म्हणतो. एकच!

"ते काही असो," सुन्या म्हणाला, "क्रेडिट ज्याचं त्याला मिळालं पाहिजे."

बंड्या याचीच वाट बघत होता. "तू क्रेडिटवर बोलतोस? एकांकिकेच्या पत्रकावर 'संगीत: सुनील' कोणी छापलं? पेटी माझी, ढोलकी ह्याची!"

"अरे, ऑपरेट मी केलं होतं!"

"प्ले दाबलंस! तेही चुकीचं. स्टेजवर बाप गेलाय, पोरगी रडतेय, आणि मागे लग्नाची सनई!"

अनघाच्या नाकातून चहा आला. "ट्रॅकचे नंबर चुकले होते रे, सीडी ह्यानं बर्न केली होती," असं सुन्या माझ्याकडे बोट दाखवून ओरडत राहिला, पण बंड्यानं तोपर्यंत तोंडानं सनई सुरू केली होती.